वेचणीची वही आणि स्क्रीनची मापे

मानवत तालुक्यातल्या आमच्या गावी कापूस वेचणीचा हिशेब गेली कित्येक वर्षे काकू एका लांबट वहीत लिहीत आल्या आहेत. दिवस कलला की वेचणीच्या बायका आपापली बोचकी घेऊन बांधावर येतात, काका एकेक बोचके काट्याला अडकवून वजन मोठ्याने सांगतात आणि काकू त्या त्या नावापुढे किलोचा आकडा मांडतात. बाजाराच्या आदल्या रात्री या आकड्यांची बेरीज करून मजुरी काढली जाते. एका दिवाळीत मी गावी असताना ही बेरीज रात्री अकरापर्यंत चाललेली पाहिली आणि काकूंच्या मोबाईलवर हेच काम करणारे एक छोटे अ‍ॅप करून द्यायचे ठरवले.

मी परभणीत राहून वेबसाइटची कामे करतो. अँड्रॉइडचे काम तोवर केलेले नव्हते, पण हिशेब साधा होता: नाव, तारीख, किलो, दर आणि बेरीज. आठ दिवसांत अ‍ॅप उभे राहिले. माझ्या मोबाईलवर ते नेटके दिसत होते. ओळी सरळ होत्या, आकडे उजवीकडे एका रेषेत होते आणि खाली उजव्या कोपऱ्यात ‘जतन करा’ हे हिरवे बटण होते. पुढच्या रविवारी गावी जाऊन ते काकूंच्या मोबाईलवर टाकले. नावांची यादी आली, किलोचा रकाना आला, पण हिरवे बटण कुठेच नव्हते. काकूंनी दोनदा वरखाली सरकवून पाहिले आणि विचारले, “बाळा, लिहिलेलं ठेवायचं कुठं?”

मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकले ते दोन्ही मोबाईलच्या आकाराने. ओसरीवर शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही हुबेहूब एकाच लांबीरुंदीचे होते; दोघांचाही स्क्रीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेसहा इंचांचा. जागा सारखीच असेल तर एकावर मावलेले बटण दुसऱ्यावर का मावू नये, याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. परभणीला परत आल्यावर दोन्ही मोबाईलची माहिती काढली तेव्हा उलगडा झाला. माझ्या स्क्रीनवर आडवे १०८० आणि उभे २४०० ठिपके होते, तर काकूंच्या स्क्रीनवर आडवे ७२० आणि उभे १६००. ठिपका म्हणजे पिक्सेल. मी सगळी मापे पिक्सेलमध्ये दिली होती आणि बटण डाव्या कडेपासून ७६० पिक्सेलांवर ठेवले होते. काकूंच्या मोबाईलची उजवी कड ७२० पिक्सेलांवरच संपत होती, म्हणजे ते बटण स्क्रीनच्या बाहेर, जिथे कोणाचे बोट पोचणार नाही अशा जागी काढले जात होते.

आता त्याच अ‍ॅपमधल्या इतर गोष्टीही मला वेगळ्या दिसू लागल्या. नावाची एक ओळ मी १५० पिक्सेल उंचीची केली होती. माझ्या मोबाईलवर ती साडेनऊ मिलिमीटरांच्या आसपास भरत होती, काकूंच्या मोबाईलवर मात्र चौदा मिलिमीटर, कारण तिथला प्रत्येक ठिपका मोठा होता. दाट पेरलेल्या आणि विरळ पेरलेल्या शेतात दहा तासांची, म्हणजे पिकाच्या दहा ओळींची, रुंदी एकच कशी असेल? दोन तासांमधले अंतर माहीत नसताना ‘दहा तास’ हे जमिनीचे माप होऊ शकत नाही, आणि ठिपक्यांची दाटी माहीत नसताना ‘दीडशे पिक्सेल’ हेही माप होत नाही.

पहिला उपाय मी वेबच्या सवयीने केला. सगळी मापे स्क्रीनच्या रुंदीच्या टक्केवारीत बदलली. काकूंच्या मोबाईलवर बटण परत आले आणि काम झाले असे वाटले. मग माझ्या भाचीचा आठ इंची टॅब हाती आला. ८०० बाय १२८० पिक्सेलांचा तो स्क्रीन मोबाईलपेक्षा बराच रुंद, जवळजवळ अकरा सेंटिमीटर. रुंदीच्या चौदा टक्के उंचीची ओळ त्यावर दीड सेंटिमीटर झाली, अक्षरे पाटीवर लिहिल्यासारखी मोठी झाली आणि काकूंच्या मोबाईलवर एका वेळी पंधरा नावे दिसत होती तिथे त्या मोठ्या टॅबवर अकराच नावे दिसू लागली. मोठा कागद घेतला तर त्यावर जास्त ओळी लिहिता आल्या पाहिजेत. तीच ओळ ताणून मोठी करून कागद भरणे हा काही त्याचा उपयोग नव्हे. टक्केवारी काही ठिकाणी उपयोगी पडते, रकान्यांची वाटणी करायला तर फारच, पण बोटाने दाबायच्या आणि डोळ्यांनी वाचायच्या गोष्टींचे माप तिच्यावर सोडता येत नाही, हे टॅबने दाखवले.

त्यानंतर मी अँड्रॉइडचे अधिकृत लेखन शांतपणे वाचायला घेतले आणि ज्या शब्दाकडे सुरुवातीपासून दुर्लक्ष केले होते त्या डीपीपाशी आलो. डीपी म्हणजे घनतेपासून स्वतंत्र असलेला पिक्सेल. त्याची व्याख्या एका ओळीची आहे: ज्या स्क्रीनची घनता दर इंचाला १६० ठिपके धरलेली असते तिथे एक डीपी म्हणजे एक पिक्सेल. घनता त्याहून वेगळी असेल तर त्या घनतेला १६० ने भागायचे आणि आलेल्या अंकाने डीपीला गुणायचे. उत्तर पिक्सेलमध्ये मिळते. काकूंच्या मोबाईलची घनता यंत्रणेने ३२० सांगितली, म्हणजे तिथे एक डीपी दोन पिक्सेलांचा. माझ्या मोबाईलची ४४०, म्हणजे पावणेतीन पिक्सेलांचा. टॅबची २१३, म्हणजे साधारण एक पूर्णांक एक तृतीयांश पिक्सेलाचा. उलटा हिशेब केला तर काकूंच्या स्क्रीनची रुंदी ३६० डीपी, माझ्या स्क्रीनची ३९३ आणि टॅबची ६०१ डीपी निघाली. ७२० आणि १०८० या आकड्यांमधली जी दरी मला छळत होती ती ३६० आणि ३९३ मध्ये जवळपास मिटली होती, आणि टॅब खरोखर मोठा आहे हेही त्या आकड्यात दिसत होते.

हा १६० आकडा कुठून आला, याचीही मला उत्सुकता होती. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला मोबाईल बाजारात आला, एचटीसीने बनवलेला जी-वन. त्याचा स्क्रीन ३.२ इंचांचा आणि ३२० बाय ४८० पिक्सेलांचा होता. त्या वर्गाच्या स्क्रीनसाठी १६० ही पायाभूत घनता धरली गेली आणि पुढच्याच वर्षी, अँड्रॉइडच्या १.६ या आवृत्तीपासून, वेगवेगळ्या घनतांचे स्क्रीन यंत्रणेला समजू लागले. पुढे १२०, १६०, २४०, ३२०, ४८० आणि ६४० असे टप्पे रुळले. सगळे आकडे १६० च्या पाऊणपट, दीडपट, दुप्पट, तिप्पट, चौपट असे असल्यामुळे तोंडी हिशेबालाही सोपे पडतात.

इथपर्यंत सगळे समजले असे मानून मी पुढे गेलो असतो तर मोठी चूक राहून गेली असती. झाले असे की खात्री करून घ्यावी म्हणून मी अ‍ॅपमध्ये १६० डीपी लांबीची एक रेघ काढली. दर इंचाला १६० अशी व्याख्या असेल तर ही रेघ कुठल्याही मोबाईलवर बरोबर एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर भरली पाहिजे, असा माझा तर्क होता. भाचीच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी लावली. काकूंच्या मोबाईलवर ती रेघ ३० मिलिमीटर भरली. माझ्या मोबाईलवर साडेसत्तावीस. दोन्हीकडे इंचाहून मोठी, आणि दोन्हीकडे एकमेकींहून वेगळी.

त्या रात्री मी कागद घेऊन पायथागोरसच्या नियमाने कर्ण काढला. ७२० आणि १६०० या बाजूंचा कर्ण १७५४ पिक्सेल. तो साडेसहा इंचांत बसवला तर दर इंचाला २७० ठिपके येतात. म्हणजे काकूंच्या मोबाईलची खरी दाटी २७० होती, पण तो यंत्रणेला ३२० सांगत होता. माझ्या मोबाईलची खरी दाटी ४०५ होती, सांगितलेली ४४०. मग सहज म्हणून जी-वनचाही कर्ण काढला, तर तिथेही १८० ठिपके आले. ज्या वर्गाच्या स्क्रीनसाठी १६० हा पाया धरला, त्यातला पहिलाच मोबाईल नेमका १६० चा नव्हता.

म्हणजे घनतेचा हा आकडा पट्टी लावून मोजलेला नसतो, तो मोबाईल बनवणारा ठरवतो. स्क्रीनवर किती मजकूर मावावा, अक्षर किती मोठे दिसावे, मोबाईल डोळ्यांपासून किती अंतरावर धरला जाईल, असा विचार करून तो एक सोयीचा अंक यंत्रणेत लिहून ठेवतो आणि पुढचे सगळे अ‍ॅप त्या अंकावर विसंबतात. आमच्याकडे माणूस आपल्या हाताने साडेतीन हात भरतो असे म्हणतात. काका उंच आहेत आणि काकू ठेंगण्या, पण काका आपल्या हाताने साडेतीन हात आणि काकू आपल्या हाताने साडेतीन हातच. डीपी हा तसा त्या त्या मोबाईलचा स्वतःचा हात आहे. म्हणूनच बहुतेक मोबाईलची रुंदी त्यांच्या त्यांच्या हाताने ३६० ते ४१० च्या आसपास भरते. काकांच्या हाताने मोजलेली दोरी काकूंच्या हाताच्या दोरीएवढी भरावी ही अपेक्षाच मी चुकीची धरली होती.

एवढे कळल्यावर बोटाच्या मापाचा प्रश्न सुटला. दाबायची कोणतीही जागा निदान ४८ डीपी लांबीरुंदीची असावी, ती सुमारे नऊ मिलिमीटर भरते, असे अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात म्हटलेले आहे. व्याख्येप्रमाणे १६० ला एक इंच धरला तर ४८ डीपीचे साडेसात मिलिमीटरच होतात, म्हणून ते वाक्य मला आधी खटकले होते. पट्टी लावल्यावर काकूंच्या मोबाईलवर नेमके नऊ आणि माझ्या मोबाईलवर सव्वाआठ मिलिमीटर आले, आणि त्या ‘सुमारे’ या शब्दाचा अर्थ कळला. दिवसभर बोंडे तोडून काकूंची बोटे टरारलेली असतात. त्यांच्यासाठी मी ‘जतन करा’ बटण ६४ डीपीचे केले.

खरी कसोटी अक्षरांनी पाहिली. पिक्सेलमध्ये माप दिले होते तोवर अक्षर काकूंच्या सेटिंगला जुमानत नव्हते. अक्षरांसाठी एसपी हे वेगळे एकक आहे. ते डीपीसारखेच असते, फक्त वापरणाऱ्याने मोबाईलच्या सेटिंगमध्ये अक्षर जितके मोठे केलेले असेल तितक्या पटीने आणखी वाढते. काकूंनी अक्षर मोठे करून ठेवलेले होते, १.३ पट. मी नावांना १६ एसपी दिले, ते त्यांच्या मोबाईलवर जवळपास ४२ पिक्सेलांचे झाले. हे चांगलेच झाले. पण ज्या चौकटीत ते नाव बसायचे तिची उंची मी २८ डीपी अशी बांधून टाकली होती, म्हणजे ५६ पिक्सेल. इंग्रजी अक्षरे कदाचित त्यात कशीबशी बसली असती. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात आणि खाली उकार असतात. त्या चौकटीने वरचे आणि खालचे दोन्ही कापले. ‘मजुरी’ या शब्दाचा उकार गेला, वेलांटीचा वरचा वळसा गेला आणि काकूंच्या स्क्रीनवर ‘मजरा’ असे दिसू लागले. ‘बुधवार’चा ‘बधवार’ झाला. देवनागरी अंकांना मात्रा नसतात, त्यामुळे किलोचे आणि रुपयांचे आकडे मात्र शाबूत होते. माझ्या मोबाईलवर तपासताना यातले काहीच दिसले नव्हते, कारण माझे अक्षर नेहमीच्या आकाराचे होते.

मराठीत अ‍ॅप करणाऱ्याने या ठिकाणी थांबून विचार करावा असे मला फार वाटते. अक्षर एसपीत आणि चौकट डीपीत बांधलेली, ही जोडी आपल्या लिपीला सर्वात जास्त इजा करते. मी चौकटीची ठरावीक उंची काढून टाकली, मजकूर जितका उंच तितकी चौकट उंच अशी सोय केली आणि फक्त ‘४८ डीपीहून कमी नको’ एवढी अट ठेवली. दोन ओळींमधले अंतरही एसपीतच दिले, म्हणजे अक्षर वाढले की अंतर वाढते. त्याखेरीज ज्या लिपींच्या खुणा वरखाली पसरतात त्यांना उंचीची पूर्ण जागा देणारा एक गुणधर्म अँड्रॉइडमध्ये पाचव्या आवृत्तीपासून आहे, ‘एलिगंट टेक्स्ट हाइट’ नावाचा. तो चालू केला तेव्हा उरलेसुरले रफारही पूर्ण दिसू लागले. अँड्रॉइड १५ साठी म्हणून बनवलेल्या अ‍ॅपमध्ये तो आपोआप चालू असतो. काकूंच्या जुन्या मोबाईलसाठी तो हाताने चालू करावा लागला.

एसपीचा हिशेब करताना माझ्या हातून आणखी एक चूक व्हायची होती ती थोडक्यात टळली. डीपीप्रमाणे एसपीचेही पिक्सेल सरळ गुणाकाराने काढावेत म्हणून मी एक ओळ लिहिली होती. अँड्रॉइड १४ पासून अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येते आणि ती वाढ सरळ प्रमाणात होत नाही. बारीक अक्षर पूर्ण वाढते, पण जे मथळे मुळातच मोठे आहेत ते कमी वाढतात. सरळ गुणाकार तिथे चुकतो. म्हणून ती ओळ काढून रूपांतराचे काम यंत्रणेच्याच तयार फंक्शनवर सोपवले.

पुढचा धक्का घरातूनच मिळाला. आपल्या आईला नीट दिसावे म्हणून माझ्या चुलत भावाने काकूंच्या मोबाईलमध्ये ‘डिस्प्ले साइझ’ एक पायरी मोठी करून दिली. अक्षराचा आकार आणि डिस्प्ले साइझ या सेटिंगमध्ये दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसरी अँड्रॉइड ७ मध्ये, म्हणजे २०१६ मध्ये आली आणि ती थेट घनतेचा आकडाच बदलते. काकूंचा मोबाईल ३२० ऐवजी ३६० सांगू लागला. स्क्रीन तोच, पिक्सेल तेच ७२०, पण एक डीपी आता सव्वादोन पिक्सेलांचा झाला आणि रुंदी ३६० डीपीवरून ३२० डीपीवर आली. मी एव्हाना डीपीत मापे देत होतो, पण मनात ३६० हा आकडा धरून. डावीकडे २०० डीपीचे नाव, उजवीकडे १५० डीपीचा किलोचा रकाना. आता त्यांची बेरीज ३२० मध्ये मावेना आणि किलोच्या आकड्यातला शेवटचा अंक कडेबाहेर गेला. चौतीस किलोचे तीन किलो दिसणे हे वेचणी करणाऱ्या बाईच्या मजुरीच्या दृष्टीने साधे काम नव्हे, म्हणून मी त्याच दिवशी सगळा साचा पुन्हा मांडला. किलोच्या रकान्याला आधी त्याची पूर्ण जागा द्यायची, उरलेली सगळी जागा नावाला द्यायची आणि नाव मावले नाही तर ते दुसऱ्या ओळीवर जाऊ द्यायचे. डीपीचे आकडे आता फक्त कडेचे अंतर, बटणांची किमान उंची आणि खुणांचा आकार एवढ्यासाठीच उरले. टॅबसाठी एक वेगळा साचा केला, रुंदी ६०० डीपी किंवा त्याहून जास्त असेल तरच तो वापरला जातो. त्यात डावीकडे नावे आणि उजवीकडे त्या बाईचा आठवड्याचा हिशेब दिसतो. भाचीचा टॅब ६०१ भरत असल्याने तो या अटीत जेमतेम बसला.

चित्रांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. काट्याचे एक छोटे चित्र मी साध्या फोल्डरमध्ये टाकले होते. यंत्रणा अशा चित्राला १६० घनतेचे समजते आणि दाट स्क्रीनवर ताणून मोठे करते, त्यामुळे ते पुसट दिसत होते. रेषांच्या वर्णनातून काढले जाणारे व्हेक्टर चित्र वापरले आणि तो प्रश्न संपला.

छत्रपती संभाजीनगरला राहणारी माझी एक मैत्रीण आयफोनसाठी अ‍ॅप बनवते. तिच्याकडे डीपी हा शब्दच नाही. तिथे पॉइंट म्हणतात. २०१० मध्ये आयफोन ४ आला तेव्हा स्क्रीन त्याच आकाराचा ठेवून पिक्सेल दोन्ही दिशांना दुप्पट केले होते, आणि जुनी अ‍ॅप विस्कटू नयेत म्हणून एका पॉइंटचे दोन पिक्सेल धरले गेले. पुढच्या काही मोबाईलमध्ये ते तीन झाले. दाबायच्या जागेचे तिच्याकडचे माप ४४ पॉइंट. वेबमध्ये मी रोज वापरत होतो तो पिक्सेलही खरा ठिपका नसून इंचाचा शहाण्णवावा भाग म्हणून ठरवलेले एकक आहे, हे तिनेच मला दाखवून दिले. इतकी वर्षे ते लिहीत असूनही त्या व्याख्येकडे मी पाहिले नव्हते.

इतके सगळे झाल्यावर काकांनी एक मागणी केली आणि मापांचा विषय मला मुळापासून पुन्हा पाहावा लागला. कापसाचा भाव धाग्याच्या लांबीवर ठरतो. सरकारी हमीभावातही साडेचोवीस ते साडेपंचवीस मिलिमीटर धाग्याचा मध्यम आणि साडेएकोणतीस ते साडेतीस मिलिमीटर धाग्याचा लांब, अशी वेगळी किंमत असते. बाजारात व्यापारी बोंडातला पुंजका चिमटीत धरून ओढतो, धागा सरळ करतो आणि नजरेने लांबी सांगतो. काकांना मानवतच्या बाजारात गाडी नेण्याआधी घरीच अंदाज घ्यायचा होता. “मोबाईलवर एक पट्टी दे,” ते म्हणाले, “काळ्या पाटीवर पांढरा धागा ठेवला की दिसतो, तसं.” इथे साडेतीन हाताचे गणित चालणार नव्हते. इथे खरा मिलिमीटर हवा होता.

अँड्रॉइडमध्ये मिलिमीटर हे एकक आहेच. मी त्यातच तीस मिलिमीटरांची रेघ काढली. माझ्या मोबाईलवर स्टीलच्या पट्टीने ती तीसच भरली. काकूंच्या मोबाईलवर मात्र साडेपस्तीस. मिलिमीटरचे पिक्सेल करताना यंत्रणा स्क्रीनच्या प्रत्यक्ष दाटीचा आकडा मोबाईललाच विचारते. माझ्या मोबाईलच्या बनवणाऱ्याने तो नीट भरला होता. काकूंच्या मोबाईलमध्ये त्या जागीही ३२० च लिहिलेले होते. मोबाईलला विचारून खरी लांबी मिळेल याची शाश्वती नाही, म्हणून ज्याची लांबी आधीपासून पक्की आहे अशी घरातली एखादी वस्तू शोधायची ठरवली. ती काकांच्या खिशातच होती. जगभरातली एटीएम कार्डे एकाच मापाची असतात, ८५.६० मिलिमीटर लांब आणि ५३.९८ मिलिमीटर रुंद. पट्टी पहिल्यांदा उघडली की अ‍ॅप कार्डाची लांब बाजू स्क्रीनच्या डाव्या कडेला टेकवायला सांगते, आणि एक उभी रेघ बोटाने सरकवत कार्डाच्या दुसऱ्या कडेशी जुळवायला सांगते. काकूंच्या मोबाईलवर ती रेघ ५७४ पिक्सेलांवर जुळली. ५७४ ला ५३.९८ ने भागले की एका मिलिमीटरचे १०.६३ पिक्सेल. कागदावर काढलेल्या २७० च्या दाटीशी हा आकडा तंतोतंत जुळला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

तरीही पहिल्या पट्टीवर तिसाचा आकडा स्टीलच्या एकतिसाशी येत होता. चूक माझी होती. दर खूण पूर्ण पिक्सेलावर पडावी म्हणून मी १०.६३ चे ११ करून तेच ११ पुढे पुढे मिळवत गेलो होतो. एका खुणेला ही चूक डोळ्याला दिसत नाही, पण तिसाव्या खुणेपर्यंत ३१९ च्या जागी ३३० पिक्सेल होतात आणि एक मिलिमीटर वाढतो. लांब धाग्याच्या प्रतीची सगळी मर्यादाच एका मिलिमीटरची आहे. मग प्रत्येक खूण शून्यापासून मोजून, म्हणजे तिला तिच्या क्रमांकाने गुणून, आणि पूर्णांक करायचा तो अगदी शेवटी करून काढली. तिसाची खूण तिसावर आली.

एक उणीव काही दिवसांनी सापडली. कार्डाचे माप मी सवयीने डीपीत, २८७ असे, साठवून ठेवले होते. भावाने डिस्प्ले साइझ मोठी केलेल्या दिवसाची आठवण झाली म्हणून ती पायरी मुद्दाम बदलून पाहिली, आणि तिसाची खूण पावणेचौतीस मिलिमीटरांवर गेली. सेटिंग बदलले की डीपी बदलतो, काच आणि तिच्यामागचे ठिपके काही बदलत नाहीत. म्हणून हे एकच माप सबंध अ‍ॅपमध्ये पिक्सेलमध्ये साठवले आहे, ज्या पिक्सेलने सुरुवातीला मला फसवले होते त्यातच. मापताना काचेवर नजर सरळ वरून ठेवावी लागते, तिरके पाहिले तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो. ही सूचना पट्टीच्या खाली १६ एसपीत लिहिलेली आहे.

काकूंची वही अजून आहे. मजुरीचा हिशेब आता मोबाईलवर होतो, पण अ‍ॅप काढून पुन्हा टाकले तर कार्डाचे माप पुसले जाते, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी आपल्या हाताने दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत: ‘माझा मोबाईल ५७४. बाळाचा मोबाईल ८६१.’